मोर्चात लोक जुनीच गाणी उचलतात. नवं गाणं बसवायचं तर कसं?

सातपुडा_पायथा (चोपडा)

राम राम मंडळी.

येत्या थंडीत कापसाचा भाव आणि केळीचा पीकविमा या दोन मागण्यांवर तहसील कचेरीवर मोर्चा आहे. दीड-पावणेदोन किलोमीटर चालणं, मग कचेरीसमोर दोन-तीन तास ठिय्या. माणसं चारशे-पाचशे धरली आहेत, निम्म्या बाया. वरच्या पाड्यांवरून पावरा आणि भिल्ल मंडळी ढोल घेऊन येतील. आमच्याकडे एक छोटा हत्ती, त्यावर दोन भोंगे, दोन माइक, एक डफ, एक ढोलकी.

वाद असा आहे. कलापथकातली कॉलेजची पोरं म्हणतात, जुनी गाणी पुरे झाली, आता रॅप करू. जुने कार्यकर्ते म्हणतात, मोर्चा म्हणजे डफ. मोबाइलवर खूप फिरलेलं नवं गाणं भोंग्यावर लावलं की लोक ऐकतात, फोन वर धरून शूटिंग करतात, पण तोंड उघडत नाहीत. तेच साने गुरुजींचं ‘आता उठवू सारे रान’ सुरू झालं की तिसऱ्या ओळीला मागची रांगही गात असते. हे नुसतं सवयीमुळे होतं, की गाण्याच्या बांधणीतच फरक आहे? आणि नवं गाणं बसवायचंच तर चाल, लय, पट्टी, बोली, भोंगा यांत काय सांभाळायचं? ‘भावना महत्त्वाची’ छापाची उत्तरं नकोत, मोजून सांगा.

---

डफ_तुणतुणं (अमळनेर)

भाऊ, वाद चुकीच्या जोडीवर चाललाय. जुन्या गाण्यांत दोन जाती आहेत आणि आपण त्या एकाच पोत्यात भरतो.

पहिली जात मंचावरची. ‘माझी मैना गावावर राहिली’ ही अण्णाभाऊ साठेंची छक्कड, म्हणजे शाहिरी गाण्याचा एक प्रकार, घ्या. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातली ही सगळ्यात गाजलेली रचना, पण ती चालत्या गर्दीसाठी बांधलेलीच नाही. एक शाहीर पुढे, मागे साथ देणारे झीलकरी, समोर बसलेले लोक. कथा आहे, वर्णन आहे, शेवटाकडे विरहाचं राजकारण होतं. ते ऐकायला माणूस थांबलेला लागतो. अण्णाभाऊ, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक उभं केलं, त्याचं बरंचसं काम असंच मंचावरचं होतं. त्याआधीचे सत्यशोधकी जलसे, मग आंबेडकरी जलसे, तेही मंचावरचेच. तमाशाचाच साचा, गण-गवळणीत नवा आशय आणि वगात सावकार-भटजीचा हिशेब.

दुसरी जात पायांची. ‘आता उठवू सारे रान’ या जातीचं. त्याची रचना बघा. पहिल्या दोन ओळींत फक्त एक क्रियापद बदलतं, ‘उठवू’च्या जागी ‘पेटवू’. म्हणजे पहिली ओळ कानावर पडली की दुसरी जवळपास पाठच झाली. ओळ नऊ अक्षरांची आहे. मोर्चातली माणसं मिनिटाला साधारण १०० पावलं टाकतात. ओळ आठ पावलांवर बसवली तर ती पावणेपाच-पाच सेकंदांत संपते. चालता चालता ओरडून गाणाऱ्या माणसाचा एक श्वास एवढाच पुरतो. म्हणजे सेकंदाला दोन अक्षरं.

आता रॅप मोजा. ९० च्या लयीत (मिनिटाला ९० ठोके) प्रत्येक ठोक्याला चार अक्षरं धरली तर सेकंदाला सहा. तिप्पट. एवढ्या वेगानं चारशे माणसं एका तोंडानं म्हणायला लागली की शब्दांचा लगदा होतो. म्हणून लोक गप्प बसतात. त्यांना गाणं आवडत नाही असं नाही, त्यांना शिरायला फटच नाही.

तेव्हा तुलना करायची तर रॅपची छक्कडीशी करा. दोन्हींत एक माणूस बोलतो, शब्दांची गर्दी असते, नावं घेतलेली असतात, टोमणे असतात. त्या तुलनेत चांगला रॅप कमी पडत नाही. आणि पायांच्या गाण्याची तुलना करायची तर घोषणेशी करा.

आणखी एक गोष्ट राहूनच जाते. ‘जुनी गाणी चांगली’ म्हणताना आपण गाळून उरलेली गाणी बघत असतो. संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी गावोगाव शाहिरांनी रचलेली बहुतेक कवनं त्या सभेबरोबरच संपली, ती वाईट होती म्हणून नव्हे, तर तो दिवस संपला म्हणून. आजच्या शंभर गाण्यांतली दोन उरली तरी प्रमाण तेवढंच म्हणायचं. साठ वर्षांनी उरलेल्या दोन गाण्यांसमोर काल अपलोड झालेली शंभर उभी करणं हा न्याय नव्हे.

नवं पायांचं गाणं बसवताना माझी मोजपट्टी अशी: ध्रुपद एका श्वासात संपलं पाहिजे. कडव्याची ओळ पुढच्यानं म्हणायची, ध्रुपदाचा तुकडा सगळ्यांनी, आणि तो तुकडा प्रत्येक वेळी त्याच ठोक्यावर यायला हवा. कडव्यात एकच जागा बदलती ठेवा. ‘वुई शॅल ओव्हरकम’ जगभर गेलं त्यामागे हेच आहे. १९४५ मध्ये अमेरिकेत चार्ल्स्टनच्या तंबाखू कारखान्यातल्या संपात बाया ते म्हणत होत्या, पुढं नागरी हक्कांच्या चळवळीत गेलं, आणि प्रत्येक ठिकाणी लोकांनी एक ओळ बदलून आपलं कडवं जोडलं. गिरिजाकुमार माथुरांचं हिंदी ‘हम होंगे कामयाब’ आपल्याकडे शाळेत पोचलं तेही तसंच, एका वेळी एक ओळ बदलत.

---

बोलीबीट (धुळे)

अमळनेरच्या दादांचं गणित बरोबर आहे, पण त्यातून ‘नवं म्हणजे गर्दीला न येणारं’ असा अर्थ कुणी काढू नये. उलटी उदाहरणं भरपूर आहेत.

चिलीत वालपरायसोच्या लास तेसिस या बायांच्या गटानं नोव्हेंबर २०१९ मध्ये रस्त्यावर सादर केलेलं ‘उन वियोलादोर एन तु कामिनो’ बघा. बीट आहे, चाल जवळपास बोलल्यासारखी आहे, सूर तीन-चारच. डोळ्यांवर पट्टी, ठरलेल्या हालचाली, एक बोट पुढे. थोड्याच दिवसांत ते अनेक देशांत तिथल्या भाषांत झालं. गाता न येणारी बाईसुद्धा ते करू शकते, कारण सूर चुकला तरी बिघडत नाही. शरीर ठोक्यावर असलं की झालं.

दिल्लीच्या सीमेवरच्या शेतकरी आंदोलनात २०२० च्या डिसेंबरात इटलीच्या ‘बेला चाओ’ची पंजाबी आवृत्ती ‘वापस जाओ’ निघाली. चाल जुनी, शब्द नवे, प्रसार फोनवर. हे जुनं की नवं? मला तरी ठरवता येत नाही आणि ठरवायची गरजही वाटत नाही. चेन्नईत २०१७ ला उभं राहिलेलं ‘द कास्टलेस कलेक्टिव्ह’ तेच करतं: गाना हा तिथल्या वस्त्यांचा गायनप्रकार, त्यावर रॅप आणि रॉक.

उलट, जुनी म्हणून मिरवलेली पण अवघड गाणीही आहेत. फैज यांची १९७९ ची ‘हम देखेंगे’ ही नज्म घ्या. तिच्यातले निम्मे शब्द आपल्याकडच्या मोर्चातल्या माणसाला कळणार नाहीत. १९८६ मध्ये लाहोरला इक्बाल बानोंनी ती गायली तेव्हापासून ती चालते आहे ती दोन शब्दांच्या ध्रुपदावर. बाकीचं सगळं एकट्या गायिकेनं ओढायचं, लोकांनी दोन शब्द म्हणायचे. म्हणजे फट असली की कठीण मजकूरही चालतो.

पोरांना कामाला लावायचं तर असं करा. रॅप लिहू द्या पूर्ण, पण हुक, म्हणजे फिरून फिरून येणारी ओळ, आधी लिहायला सांगा. हुक आठ ठोक्यांचा, त्यातले पहिले चार पुढच्याचे, पुढचे चार लोकांचे. लोकांच्या वाट्याला सहा ते आठ अक्षरं, शेवटचा ठोका रिकामा. तो रिकामा ठोका पोरं नेहमी भरून टाकतात आणि तिथंच गर्दीचा श्वास तुटतो. दोन कडव्यांच्या मध्ये हुक एकदा नाही, चारदा. रेकॉर्डिंगमध्ये चारदा कंटाळवाणं वाटेल, रस्त्यावर चौथ्या वेळेलाच लोक सुरू होतात. चालताना फक्त हुक आणि दोन-दोन ओळी; पूर्ण कडवी ठिय्यासाठी राखा. तिथं लोक बसलेले असतात, ऐकायला वेळ असतो.

बीटचा ट्रॅक लावून त्यावर गाऊ नका. गर्दी थबकली, वळणावर अडकली, पुढं ट्रॅक्टर आला की पावलं ८० वर येतात आणि ट्रॅक ९५ वरच धावत असतो. ढोलवाला पायांकडे बघून वाजवतो, पेनड्राइव्ह बघत नाही.

नावं घेऊन शिव्या देण्याचा मोह रॅपमध्ये जास्त. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ बदनामीचं आहे आणि व्हिडिओ हा हातात आयता पुरावा. पद, खातं, निर्णय यांवर बोला. माणसाच्या आईबापावर नको. शाहिरांनी सावकार उभा केला तो पात्र म्हणून, ती युक्ती अजून चालते.

---

भोंगा_आणि_बॅटरी (पारोळा)

मी फक्त आवाजावर बोलतो. गाणं कितीही चांगलं असो, निम्मे मोर्चे इथंच फसतात.

आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. पाचशे माणसं चारच्या रांगेत, दोन रांगांत एक-सव्वा मीटर अंतर धरलं तर शेपूट दीडशे मीटरवर. भोंगा तोंडाशी असेल तर शेपटाला गाणं जवळजवळ अर्धा सेकंद उशिरा पोचतं. १०० च्या लयीत एक ठोका ०.६ सेकंदाचा. म्हणजे मागचे लोक जवळपास एक ठोका मागे. ते ऐकतील तसं गातील, पुढच्यांना त्यांचं गाणं परत तेवढ्याच उशिरानं ऐकू येईल, आणि दोन मिनिटांत पुढचा डफवाला नकळत लय ओढायला लागेल. ‘मागचे लोक बेताल आहेत’ अशी तक्रार नेहमी येते. ते बेताल नसतात, लांब असतात.

उपाय: गाडी तोंडाशी ठेवू नका, मोर्चाच्या पहिल्या एक-तृतीयांश भागाच्या शेवटी घुसवा. भोंगा एक पुढं तोंड करून, एक मागं. मग कुठलंही टोक शंभर मीटरच्या आत येतं. शेपटाला पाड्यांवरचा ढोल द्या आणि त्यांना गाडीबरोबर गायला सांगूच नका. त्यांची टोळी स्वतंत्र गाईल, वेगळं गाणं गाईल, मध्ये चाळीस-पन्नास मीटर नुसत्या घोषणा. दोन गाणी एकमेकांवर चढण्यापेक्षा हे शंभर पटीनं बरं.

दुसरं, भोंग्याला खालचा आवाज नसतो. साधा भोंगा साधारण ३०० हर्ट्झच्या खाली जवळपास मुका असतो. रॅपची ताकद ज्या बेसमध्ये असते तो ४०-८० हर्ट्झमध्ये. तो भोंग्यातून येणारच नाही, उरतो टिकटिक आवाज. पोरांनी हेडफोनवर जे ऐकलं ते रस्त्यावर ऐकू येत नाही आणि मग ‘सिस्टिम भंगार आहे’ म्हणतात. डफाचा टणत्कार आणि तुणतुण्याचा कर्कशपणा मात्र भोंग्यातून धारदार निघतो. बेस हवाच असेल तर तो ढोलाचा, बिनमाइकचा.

बॅटरी: १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची नवी बॅटरी २५ वॉटच्या अँपला गाण्यासाठी तीन तास धरा, जुनीला दीड. ठिय्यासह तुमचा कार्यक्रम चार तासांचा आहे, तेव्हा दुसरी भरून ठेवा किंवा गाडीच्या बॅटरीवरून जोडा. पण मग गाडीचं इंजिन चालू ठेवावं लागतं आणि त्याची घरघर माइकमध्ये येते. भोंगा शिट्टी मारायला लागला की आवाज कमी करण्याआधी माइक भोंग्याच्या तोंडासमोरून हलवा. गायक भोंग्याच्या मागच्या बाजूला, माइक ओठांपासून चार बोटांवर. माइकवर रुमाल गुंडाळला तर वारा कमी घुसतो, शब्द किंचित बोथट होतात, चालतं.

थंडीत सकाळी दव पडतं. डफाचं कातडं सैल पडलं की आवाज भद्द येतो. निघण्याआधी काटक्या-कागदाच्या जाळावर शेकून घ्या, पण एक वीत वर धरून फिरवत. एकाच जागी धरलं की कातडं करपतं आणि नेमकं वाजवताना तडकतं. अर्ध्या रस्त्यात पुन्हा सैल होणारच, तेव्हा एक फायबरची हलगी जोडीला ठेवा. तिचा आवाज मला आवडत नाही, पण ती दवाला भीत नाही.

---

आखाजी_झोका (शहादा)

दादा लोकांनी निम्म्या मोर्चाचा विचार केलाच नाही. तुमच्या मोर्चात निम्म्या बाया आहेत.

पट्टीपासून सुरू करते. शाहीर लोक पेटीच्या काळी चार-पाचला गातात. ती सवय बिनमाइकच्या काळातली, उंच आवाज लांब जातो म्हणून. त्या पट्टीत पुढचा माणूस शोभतो, पण बाकीच्या पुरुषांना वरचे सूर लागत नाहीत आणि बायांना एकतर किंचाळावं लागतं किंवा खाली पुटपुटावं लागतं. मिश्र गर्दीसाठी काळी एक ते काळी दोन ठेवा, चाल खालच्या नि पासून मधल्या ध पर्यंतच्या सुरांत बसवा. पुरुष खालच्या सप्तकात, बाया वरच्यात, दोघांनाही सुखाचं. माइकवर दोन जणी आणि दोन जण, आळीपाळीनं दोन-दोन गाणी. उन्हात एकाच गळ्यानं सगळं ओढलं की कचेरीपर्यंत आवाज बसतो.

आता चालीबद्दल. पोरींना वाटतं आपल्या आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) गाण्यांच्या चाली घ्याव्यात, ‘अथनी कैरी तथनी कैरी’ सगळ्यांना येतं. चाल गोड आहे, पण ती झोक्याची आहे. अडीच मीटर दोरीचा झोका एक फेरा घ्यायला सव्वातीन सेकंदांच्या आसपास लावतो, म्हणजे एक हेलकावा दीड सेकंदाहून थोडा जास्त. पाऊल ०.६ सेकंदाचं. एका हेलकाव्यात अडीच-पावणेतीन पावलं. ते गुणोत्तर पायाला जमत नाही, म्हणून झोक्याच्या चालीवरचं मोर्चाचं गाणं दहा पावलांत ढेपाळतं. लय वाढवून ठोकलं तर झोक्याची गंमत जाते. जात्यावरच्या ओवीचंही तेच. या सगळ्या चाली ठिय्यासाठी ठेवा. बसलेल्या बाया आपोआप डोलतात, आणि ओवीला शेवट नसतो, एकीनं सोडली की दुसरी उचलते. दोन तास भरायला याहून चांगलं काही नाही. नारायण सुर्व्यांचं ‘डोंगरी शेत माझं गं’ स्त्री चळवळीत इतकं फिरलं ते त्यात शेतात राबणाऱ्या बाईचा सवाल आहे म्हणून आणि तो गायला उंच गळा लागत नाही म्हणूनही.

बोलीचं तुम्ही विचारलंत. चोपड्याच्या मोर्चात अहिराणी, लेवा गणबोली, गुजरी, पावरी, भिलाली, मराठी सगळं असणार. पूर्ण गाणं एका बोलीत लिहिलं की बाकीचे पाहुणे होतात. नंदुरबारला ९ सप्टेंबर १९४२ रोजी शिरीषकुमार आणि त्याच्या सोबत्यांच्या मिरवणुकीत ‘नहीं नमशे’ ही गुजराती घोषणा होती, कारण त्या पेठेत तीच जिभेवर होती. तशीच जिभेवरची ओळ शोधायची. ध्रुपद असं हवं की सगळ्यांना न शिकवता कळेल, आणि कडवी ज्याच्या त्याच्या बोलीत. अहिराणीत नमुना देते, आत्ताच जुळवलाय, वापरा, बदला:

पुढची: वावर मनं, घाम मना
सगळे: भाव ठरावस कोन?
पुढची: बी-बियानं उधार लिन्हं
सगळे: भाव ठरावस कोन?

कडवं नऊ अक्षरांचं, उत्तर आठ अक्षरांचं. ‘कोन’वर शेवटचे दोन ठोके ओढायचे. पावरा मंडळींनी आपली ओळ पावरीत घातली तरी उत्तर तेच राहील. कडवी लिहून वाटू नका. चिठ्ठी हातात आली की माणूस मान खाली घालून वाचतो आणि लय सुटते. पुढचीनं प्रत्येक नवी ओळ दोनदा म्हणायची, एवढंच.

शहाद्याकडे १९७२ ला श्रमिक संघटना उभी राहिली, पुढं बायांनी दारूचे गुत्ते फोडले, त्या भागात गाणं आणि घोषणा यांत फार फरक केला जात नसे. कॉलेजच्या पोरांना रॅप आणि शाहिरी यांचं भांडण वाटतं ते मंचावरचं आहे. रस्त्यावर ते उरत नाही.

---

सातपुडा_पायथा (चोपडा)

ताई, नमुना उचलला. पोरींनी लगेच ‘केयी मनी, पानी मनं’ जोडलं.

दोन शंका. पोरांच्या रॅपमध्ये हमीभावाचा आकडा आहे, तो ठेवावा का? आणि मोर्चाचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकायचाय. अण्णाभाऊ, वामनदादा, गुरुजी यांची गाणी त्यात असली तर हक्काची भानगड होते का?

---

डफ_तुणतुणं (अमळनेर)

आकडा ध्रुपदात कधीच नको. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव २०२४-२५ ला ७,५२१ रुपये क्विंटल होता, २०२५-२६ ला ८,११०. पहिल्या आकड्यावर यमक जुळवलेलं गाणं दुसऱ्या हंगामात मेलं. जुन्या कवनांतली बरीचशी अशीच गेली, त्यांतला ज्वारीचा दर आज कुणाला लागत नाही. पण रॅपमधून आकडा काढूनही टाकू नका, रॅपची धार तपशिलातच असते. कडव्यात ठेवा, ओळीच्या मध्ये ठेवा, यमकावर नको. यमक ‘क्विंटल’शी किंवा ‘भाव’शी जुळवलं की पुढच्या वर्षी नुसता आकडा बदलता येतो. ‘सात हजार’च्या जागी ‘आठ हजार’ बसतो. ‘सात हजार पाचशे एकवीस’ आणि ‘आठ हजार एकशे दहा’ यांची अक्षरं मात्र जुळत नाहीत, तेव्हा गाण्यात हजाराचाच आकडा घ्या आणि नेमका आकडा निवेदनात लिहा. केळीवाल्या कडव्यात तर आकडा टाकूच नका. बऱ्हाणपूरच्या बाजारात केळीचा भाव निघाल्यापासून मोर्चा निघेपर्यंत तो बदललेला असतो. विमा कधी जमा होणार, एवढाच प्रश्न तिथं पुरतो.

---

बोलीबीट (धुळे)

हक्काचं सांगतो. भारतात लेखनावरचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं. साने गुरुजी १९५० ला गेले, त्यांचं लेखन २०११ पासून मोकळं. अण्णाभाऊ आणि अमर शेख दोघेही १९६९ चे, म्हणजे २०२९ च्या डिसेंबरअखेर हक्क आहे. वामनदादा कर्डक २००४ ला गेले, तिथं २०६४ पर्यंत. हौशी मंडळानं तिकीट न लावता लोकांसमोर गायलं तर कायद्यात त्याला सूट आहे. यूट्यूबवर टाकणं ही वेगळी गोष्ट. कमाई बंद ठेवली तरी हक्काचा दावा येऊ शकतो.

प्रत्यक्षात दावा येतो तो बहुतेक वेळा शब्दांवर नाही, रेकॉर्डिंगवर. ध्वनिमुद्रणाचा हक्क कंपनीचा आणि तो वेगळा मोजला जातो. भोंग्यावर कॅसेट कंपनीचं गाणं वाजत असताना व्हिडिओ काढला की यूट्यूबची यंत्रणा तेवढा तुकडा पकडते. तुमच्या तोंडचं आणि तुमच्या डफावरचं असेल तर सहसा ओढाताण होत नाही. गाजलेल्या सिनेमाच्या चालीवर शब्द बसवले असतील तर चालीचा हक्क शिल्लक असतो. भीमगीतांत ही पद्धत जुनी आहे, पण अपलोड करताना लक्षात ठेवा. लोकगीताची चाल कुणाचीच नाही. वर्णनात कवी-शाहिराचं नाव लिहा, ते कायद्यासाठी नसलं तरी लिहा. आणि ताईंचा नमुना वापरलात तर त्यांना विचारून त्यांचं नाव टाका.

व्हिडिओसाठी फोन भोंग्यासमोर धरू नका, आवाज फाटतो. गर्दीच्या कडेला, भोंग्यापासून पंधरा-वीस मीटरवर, लोकांच्या तोंडाकडे. पुढच्याचा आवाज कमी आला तरी चालेल, उत्तर नीट यायला हवं.

---

भोंगा_आणि_बॅटरी (पारोळा)

एक राहिलं. भोंग्याची परवानगी पोलीस ठाण्यातून लेखी घ्या, मोर्चाची वेगळी आणि ध्वनिक्षेपकाची वेगळी असू शकते. अर्जात गाडीचा नंबर, भोंगे किती, वेळ आणि रस्ता लिहा. रस्त्यावर दवाखाना, शाळा किंवा कोर्ट असेल आणि तो भाग शांतता क्षेत्र असेल तर त्याच्या भोवती १०० मीटर भोंगा बंद. तिथं डफ-ढोलही वाजवता येत नाही, २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत ढोल वाजवणंही धरलंय. बऱ्याच गावांत तहसील आणि कोर्ट एकाच आवारात किंवा समोरासमोर असतात, तेव्हा आधी जाऊन अंतर मोजा.

तेवढ्या पट्ट्यात टाळ्यांवर गायचं गाणं ठेवा. आखाजी ताईंचं सवाल-जवाबाचं गाणं तिथं बसेल. माइक नसल्यानं पुढची एकटी पुरणार नाही, दर तीस मीटरला एक जण ओळ सांगायला नेमा. आणि ती माणसं आदल्या दिवशी एकदा एकत्र बसवून लय एक करून घ्या, पावलं टाकत, उभ्यानं. बसून केलेली तालीम रस्त्यावर दहा-पंधरा ठोक्यांनी जलद पळते.